मुखत्याराचा हिशेब
(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय लोकप्रतिनिधींच्या आचारधर्माचा आहे. विषय भारदस्त आहे, आणि असल्या विषयावर बोलताना वक्त्याचा आवाज नकळत चढतो, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून मी एका लहानशा आठवणीने आरंभ करतो.

माझे बालपण डिचोली तालुक्यातील एका खेड्यात गेले. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ साली पोर्तुगीज राजवटीत झालेल्या नियमावलीप्रमाणे चालतो, हे आपण जाणताच. महाजनांनी निवडलेली समिती असते. तीत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार असे अधिकारी असतात. आणि त्या सर्वांवर प्रशासक म्हणून तालुक्याच्या मामलेदाराची देखरेख असते. आमच्या गावच्या देवस्थानची वार्षिक सभा अग्रशाळेत भरे आणि आम्ही मुले खिडकीच्या गजांना धरून ती पाहत असू. एका वर्षी हिशेबाचे वाचन चालू असता नंदादीपाच्या तेलाचे कलम आले. तोच मुखत्यार उठून उभे राहिले आणि म्हणाले, “महाजनहो, हे तेल माझ्या धाकट्या भावाच्या घाण्यावरून येते. दर योग्य आहे की नाही, ते आपण ठरवावे. मी बाहेर बसतो.” इतके बोलून ते गृहस्थ खरोखरच बाहेर आले आणि दीपस्तंभाच्या चौथऱ्यावर जाऊन बसले. आत दहा-पंधरा मिनिटे चर्चा झाली. कोणी बाजारातला दर सांगितला, कोणी मागच्या वर्षीचा आकडा काढला. दर वाजवी ठरला, कलम मंजूर झाले, आणि कोणीतरी मुखत्यारांना आत बोलावून आणले.

त्या प्रसंगाचा अर्थ त्या वयात मला कळला नाही. आपल्या पायांनी सभेबाहेर गेलेल्या माणसाने काहीतरी अपराध केला असावा, असेच मला वाटले होते. पुढे कायद्याची चार पुस्तके वाचली, विधिमंडळांचा इतिहास चाळला, तेव्हा ध्यानात आले की, लोकप्रतिनिधींच्या आचारसंहितेवर जगात जे जे म्हणून लिहिले गेले आहे, त्याचे सार त्या गृहस्थांच्या तीन वाक्यांत आलेले होते. माझा संबंध आहे, तो मी आपण होऊन सांगतो. निर्णय तुम्ही करा. आणि निर्णय होईपर्यंत मी दूर राहतो.

मुखत्यार म्हणजे ज्याच्या हाती दुसऱ्याने आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दिला आहे तो. विधानसभेचा सदस्य याहून निराळा कोण आहे? मालमत्ता आपली, अधिकार आपला. त्याच्या हाती आहे ते केवळ मुखत्यारपत्र, आणि तेही पाच वर्षांच्या मुदतीचे. देवस्थानच्या सभेत बसण्याचा अधिकार महाजनांपुरताच होता, गावातील कितीतरी माणसांना तेथे स्थान नव्हते, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. परंतु विधानसभेचे महाजन आपण सर्वच आहोत. पेडण्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा आहे, डिचोलीच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी आहे, खाणीवर ट्रक चालविणारा आहे. मालक अधिक झाले म्हणून हिशेबाची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते.

मग असा प्रश्न येतो की, हा हिशेब पूर्वी कोणी का मागितला नाही? त्याचे एक कारण आपल्या समाजाच्या आकारात आहे. ९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीवच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा सभागृहात निवडून आलेले सदस्य अवघे तीस होते. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म पेडण्याचा आणि व्यवसाय खाणींचा. ते खाणमालक आहेत, ही गोष्ट कोणत्याही नोंदवहीत पाहावी लागत नव्हती. ती रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक होती. कोणाची शेती कोठे, कोणाचे कुळागर केवढे, कोणाचे सोयरे कोण, हे सारे गावाला तोंडपाठ असे. गावाची स्मरणशक्ती हीच त्या काळची नोंदवही होती.

आज ती स्मरणशक्ती अपुरी पडते. जमीन आता माणसाच्याच नावावर असते असे नाही. ती कंपनीच्या नावावर असते, त्या कंपनीत दुसऱ्या कंपनीचा भाग असतो, आणि त्या दुसऱ्या कंपनीचे कार्यालय दूर कोठल्या तरी शहरात असते. पेडणे तालुक्याचेच पाहा. मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या डोंगरउतारावर कालपर्यंत काजूची झाडे आणि गुरांची चराई एवढाच व्यवहार होता, तेथील जमिनीकडे देशभरच्या धनिकांचे डोळे लागले. अशा वेळी तालुक्याच्या नकाशावर कोणता रंग कोठे पडतो, शेती कोठे आणि वसाहत कोठे, ही बाब नुसती तांत्रिक राहत नाही. एका रेषेच्या अलीकडे वा पलीकडे असण्यावर कोणाचे दैव उघडते, तर कोणाची विहीर आटते. २०२३ साली पेडण्याच्या विभाग-आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला तेव्हा तालुक्यात जो क्षोभ उसळला, आणि अखेर तो मसुदा सरकारला मागे घ्यावा लागला, त्याचे मूळ येथे होते. लोक नकाशावर रागावले होतेच. परंतु नकाशा काढताना आणि मंजूर करताना त्या खोलीत बसलेल्यांपैकी कोणाचा कोठे काय संबंध आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. जेथे माहिती नसते तेथे संशय घर करतो. आणि संशय हा निर्दोष माणसाला सोडून देत नाही.

डिचोलीची कथा याहून जुनी आहे. मये, शिरगाव, वेळगे, पाळी या गावांच्या नावांबरोबर लोहखनिजाचा इतिहास चालत आला. नियमबाह्य खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली संसदेपुढे आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबविल्या. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या निर्णयांनी तालुक्यात हजारो घरांची चूल अडचणीत आली, आणि दुसरीकडे लाल गाळाने भरलेल्या शेतांना थोडा श्वास मिळाला. खाणीच्या बाजूचे असोत वा विरुद्ध बाजूचे, दोन्ही पक्षांच्या माणसांना एकच प्रश्न पडावा: या वर्षांत खनिजावर विधानसभेत जे बोलले गेले, त्यांपैकी कोणते भाषण जनतेचे होते आणि कोणते खाणीचे? ट्रक, बार्ज वा यंत्रे यांच्या धंद्यात असलेल्या सदस्याने खाणींवर बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. किंबहुना त्या धंद्याची माहिती त्यालाच अधिक असेल. त्याने बोलावे, परंतु बोलण्यापूर्वी ‘हे तेल माझ्या भावाच्या घाण्यावरचे आहे’ एवढे सांगावे.

आपल्याकडे यावर एक उपाय सुचविला जातो, तो शपथेचा. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी, त्या वर्षीच्या २२ जानेवारी रोजी, काँग्रेस पक्षाच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन ‘आम्ही पक्ष सोडणार नाही’ अशी शपथ देण्यात आली. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी त्या पक्षाच्या अकरा आमदारांपैकी आठ जण भारतीय जनता पक्षात गेले. कोणत्याही एका पक्षाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. गेल्या पस्तीस वर्षांत गोव्यात पक्षांतर ज्याला मुळीच शिवले नाही असा मोठा पक्ष दाखविणे कठीण आहे. पेडणे तालुक्यात तर सहा महिन्यांच्या आत दोन्ही मतदारसंघांनी ते पाहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मांद्र्याचे आमदार दयानंद सोपटे यांनी काँग्रेस आणि आमदारकी दोन्ही सोडली, ते भारतीय जनता पक्षात गेले, आणि एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा मतदारांपुढे उभे राहून निवडून आले. मार्च २०१९ मध्ये पेडण्याचे आमदार मनोहर आजगावकर आणि त्यांचे एक सहकारी, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तिघांपैकी दोघे, विलीनीकरणाच्या तरतुदीने भारतीय जनता पक्षात दाखल झाले. तेथे पोटनिवडणूक झाली नाही. दोन्ही मार्ग कायद्याने मोकळे ठेवलेले होते. परंतु मतदाराच्या दृष्टीने त्यांत एक अंतर आहे. पहिल्या मार्गात मुखत्यारपत्र मालकाला परत केले गेले आणि पुन्हा मागितले गेले; दुसऱ्यात ते खिशातच राहिले.

शपथ देवाला उद्देशून असते आणि तिचा निवाडा देवाच्या दरबारी होतो. तेथे माझा-तुमचा रिघाव नाही. हिशेब मात्र माणसांना उद्देशून असतो. तो माणसांना तपासता येतो, आणि चुकला तर माणसांना दुरुस्त करता येतो. देवस्थानच्या मुखत्याराला रोज देवाचे दर्शन घडत असूनही त्याच्याकडून वहीतला आकडा मागितला जाई, यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण दिसते.

जगातील जुन्या विधिमंडळांनीही हा धडा ठेचा खाऊनच घेतला. १६९५ साली इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचे सभापती जॉन ट्रेव्हर यांनी एका विधेयकासाठी लंडन नगरीकडून पैसे घेतल्याचे सिद्ध झाले. सभागृहाने त्यांना काढून टाकले आणि सदस्याला लाच देऊ करणे हा घोर अपराध ठरविला. त्यानंतर सदस्यांच्या हितसंबंधांची सक्तीची नोंदवही ठेवण्याचा ठराव त्याच सभागृहाने केला, तो १९७४ साली. मधे पावणेतीनशे वर्षे गेली. अपराधाला शिक्षा देण्याची बुद्धी लवकर सुचते. अपराध घडण्यापूर्वीच दिवा लावून ठेवण्याची बुद्धी फार उशिरा सुचते.

आपल्या देशात पहिला प्रसंग स्वातंत्र्यानंतर चौथ्याच वर्षी उद्भवला. हंगामी संसदेत मुंबईचे प्रतिनिधी असलेले एच. जी. मुद्गल यांनी सराफ बाजारातील व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसा घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा आरोप आला. पंडित नेहरूंनी स्वपक्षाच्या या सदस्याची गय केली नाही. चौकशी समिती नेमली गेली, दोष सिद्ध झाला, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये निष्कासनाचा ठराव स्वतः पंतप्रधानांनी मांडला. मुद्गलांनी राजीनामा देऊन ठराव टाळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या राजीनाम्याचीही सभागृहाने निर्भर्त्सना केली. पुढे २३ डिसेंबर २००५ रोजी, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून, दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा खासदारांना घालविण्यात आले. आणि ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपलाच १९९८ चा निर्णय फिरवून असे सांगितले की, सभागृहातील मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही.

हे झाले शिक्षेचे. दिवा लावण्याचे काम करण्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे, याचा उल्लेख करताना मला समाधान वाटते. ४ मार्च १९९७ रोजी राज्यसभेने आचारसमिती स्थापन केली आणि तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. त्या समितीच्या कार्यातून पुढे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आली. मोबदल्याचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर ताबा राहील एवढे भाग, मोबदल्याचा सल्ला आणि व्यावसायिक काम, अशा पाच गोष्टी सदस्याने तीत नोंदवावयाच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी आणि फौजदारी प्रकरणे प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी लागतात, हेही आपणांस माहीत आहे.

परंतु हे प्रतिज्ञापत्र म्हणजे अर्ज भरल्या दिवशी काढलेले छायाचित्र होय. पुढच्या पाच वर्षांत चेहरा कसा पालटला, हे त्यात दिसत नाही. निवडून आल्यावर नव्वद दिवसांत मालमत्तेचे विवरण सभागृहाच्या प्रमुखाला देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७५-अ कलमाने घातले आहे. पण ते संसदेच्या सदस्यांना आहे, विधानसभांच्या सदस्यांना नाही. आपल्या राज्यात ती उणीव लोकायुक्त कायद्याने काही अंशी भरून काढली. आमदारांसह लोकपदे भूषविणाऱ्यांनी दर वर्षी आपल्या मत्ता-दायित्वाचे विवरण लोकायुक्तांना द्यावे, असे तो कायदा सांगतो. मात्र २०२० साली पदावरून निवृत्त होताना लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी जाहीरपणे सांगितले की, आपण सरकारला दिलेल्या एकवीस अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही. पुढल्याच वर्षी लोकायुक्तांचे अधिकार कमी करणारी दुरुस्ती विधानसभेने संमत केली. दिव्याची वात तेलाविना विझते, आणि कधी कधी ती मुद्दाम खालीही ओढली जाते.

तेव्हा मागणी काय करावी? माझ्या मते ती साधी असावी, म्हणजे तिच्यातून निसटायला जागा राहणार नाही. प्रत्येक आमदाराच्या व त्याच्या निकटच्या कुटुंबीयांच्या जमिनी, भागीदाऱ्या, कंपन्यांतील भाग आणि मोबदल्याची कामे यांची नोंद दर वर्षी अद्ययावत व्हावी. ती नोंद पर्वरीच्या इमारतीतील एखाद्या कपाटात न राहता तिची प्रत प्रत्येक तालुक्याच्या मामलेदार कचेरीत, मराठीत आणि कोंकणीत, कोणाही मतदाराला वाचावयास मिळावी. ज्या विषयाशी स्वतःचा आर्थिक संबंध आहे त्यावर बोलण्यापूर्वी सदस्याने तो संबंध सांगावा आणि ते कामकाजाच्या वृत्तान्तात उतरावे. जेथे लाभ प्रत्यक्ष स्वतःला होणार, तेथे त्याने मत देऊ नये. आणि मंत्री असल्यास ती नस्ती दुसऱ्याकडे सोपवावी. या सर्वांची तपासणी सत्ताधारी बहुमताच्या मुठीत नसलेल्या व्यक्तीने करावी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. असे नियम केले तर भले लोक राजकारणात येणारच नाहीत, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतील, आणि विरोधक त्यांचा दुरुपयोग करतील, असे म्हटले जाते. दुरुपयोग होईल, हे मी मान्य करतो. परंतु नोंद नसताना होणारा दुरुपयोग याहून मोठा असतो, कारण कुजबुजीला उत्तर देता येत नाही. लिहिलेल्या आकड्याला उत्तर देता येते. आणि कुटुंबाच्या सुखदुःखाची चौकशी कोणी मागत नाही. सातबाराचा वा ‘फॉर्म एक-चौदा’चा उतारा कचेरीतून कोणालाही मिळतो, त्याने आजवर कोणाच्या संसाराची अब्रू गेलेली नाही.

दुसरी गोष्ट मला आपल्याविषयीच बोलावयाची आहे, आणि ती कडू आहे. आमदाराच्या दारी सकाळी जी गर्दी असते तीत आपण कशासाठी उभे असतो? मुलाच्या नोकरीसाठी, बदलीसाठी, घराच्या बेकायदा वाढीव भिंतीवर कोणी हातोडा घालू नये यासाठी. जो मतदार आपल्यासाठी नियम वाकवून घेतो, त्याला दुसऱ्यासाठी वाकलेल्या नियमाविषयी बोलताना जीभ जड होते. मुखत्याराने हिशेब द्यावा अशी इच्छा असेल, तर महाजनांनी तेलाच्या बुधल्यातून आपली पणती भरून नेणे थांबविले पाहिजे. नोंदवही मामलेदार कचेरीत आली आणि वर्षभर ती उघडायला कोणीच गेला नाही, तर तो दोष आमदाराचा असणार नाही.

श्रोतेहो, त्या वार्षिक सभेचा शेवट मी अजून सांगितला नाही. सभा आटोपल्यावर मी घरी येऊन आजोबांना विचारले, “मुखत्यारांना बाहेर का घालवले?” आजोबा म्हणाले, “घालवले नाही रे, ते आपणच गेले. आणि म्हणूनच उद्या त्यांना गावात मान वर करून चालता येईल.”

ते मुखत्यार पुढे कित्येक वर्षे त्या पदावर राहिले. त्यांच्या भावाचे तेलही येत राहिले, आणि दर वर्षी त्या कलमाच्या वेळी ते गृहस्थ न चुकता दीपस्तंभापाशी जाऊन बसत. पुढे पुढे महाजन म्हणत, “बसा हो, आम्हांला ठाऊक आहे.” तरी ते उठत. नियम आपल्या प्रामाणिकपणावर अविश्वास दाखविण्यासाठी नाही, तर तो सर्वांना दिसावा यासाठी आहे, हे त्यांना कळले होते. पर्वरीच्या सभागृहातही एखाद्या दिवशी एखादा सदस्य असाच आपण होऊन उठून बाहेर जावा, आणि त्याच्या मतदारसंघात त्या दिवशी त्याची मान उंच व्हावी, एवढी अपेक्षा आपण ठेवू या. आणि ती त्याला मत मागायला येईल तेव्हा तोंडावर सांगू या.